शॉवरचं पाणी मध्येच गार, मध्येच कढत?

गीझर बदलायची घाई करू नका. आधी बेसिनचा गरम नळ चार-पाच मिनिटं चालू ठेवून बघा. तिथेही पाणी गार-गरम होत असेल, तर दोष बहुधा गीझरकडे. तिथे नीट येत असेल, तर शॉवर किंवा मिक्सर (गार-गरम पाणी एकत्र करणारा नळ) तपासा.

गॅस गीझर असेल तर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यातून ठरावीक वेगाने पाणी वाहिलं तरच बर्नर पेटतो. पाणी फार गरम लागतं म्हणून आपण गार नळ वाढवतो, गरम बाजूचा प्रवाह मंदावतो आणि बर्नर विझतो. मग गार पाण्याचा झोत! म्हणून गरम नळ पूर्ण उघडा आणि गीझरवरची आच कमी करा. शॉवरच्या जाळीत क्षार साचले तरी हेच होतं. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून घासा.

दुसरं कोणी नळ उघडल्यावरच तापमान बदलतं का? मग तो दाबाचा खेळ. थर्मोस्टॅटिक मिक्सर (पाण्याचं तापमान आपोआप सारखं ठेवणारा) बसवला तर बराच फरक पडतो, पण तो स्वस्त नसतो.

अजून एक चाचणी: गीझर बंद करून त्याचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बेसिनचा गरम नळ उघडा. काही वेळाने धार थांबायला हवी. वाहतच राहिली, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. बहुतेक वेळा कार्ट्रिज (मिक्सरच्या आतला पाणी मिसळणारा भाग) किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) खराब असतो.

विजेचा गीझर मात्र स्वतः उघडू नका.