पानांना नव्हे, पाठांना जोडा

जतच्या मॅडम, सातवीची बालभारतीची पुस्तकं गूगल क्लासरूमला (गूगलच्या ऑनलाइन वर्गाला) जोडून महिनाअखेर अहवाल द्यायचाय आणि पीडीएफची पानं तोडण्यात रोजची संध्याकाळ जातेय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. पाटण तालुक्यात आम्ही यातूनच गेलोय.

वर्ग तयार करणं वगैरे तुम्हाला येतच असेल. पण ते पानं तोडणं आजच थांबवा. आम्हाला एका कार्यालयातून तोंडी आदेश आला होता: पुस्तकाची पानं सुटी करा, पान क्रमांकानं नावं द्या आणि चढवा. पाठवार लावू द्या, असं आम्ही लेखी दिलं. उत्तर नाही. तपासणीला मात्र पान क्रमांकच मागितले. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. मग २०२३-२४ ला दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली, मध्ये वहीसारखी कोरी पानं. पाठ तेच, पान क्रमांक बदललेले. मुलं नेमून दिलेलं पान उघडायची आणि निघायचा भलताच धडा. दुरुस्तीचं विचारायला गेलो तर "हा विषय आमच्याकडे येत नाही". आणि २०२५-२६ पासून ती कोरी पानंही बंद झाली! आजही संताप होतो, कारण तो वेळ मुलांचा होता.

म्हणून माझं ठाम मत: जोडायचं ते पाठाला. पाठाजवळच्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो. तो दीक्षावर, म्हणजे शालेय साहित्याच्या सरकारी ॲपवर, टाका, जे साहित्य उघडेल ते स्वतः पूर्ण बघा, आणि चांगलं असेल तरच त्याची लिंक गूगल क्लासरूमच्या 'क्लासवर्क' विभागात पाठाच्या नावानं लावा. फाईल चढवू नका. पुस्तक बदललं तरी एखाददुसरी लिंक बदलून भागतं. मी विज्ञानाचा शिक्षक, तंत्रज्ञ नव्हे. तुमच्याकडे लेखी आदेश वेगळा असेल तर आधी केंद्रप्रमुखांशी बोला. तोंडी असेल तर लेखी मागाच.

तुमच्या भागात कन्नड शाळाही आहेत, म्हणून एक सांगतो. दीक्षात माध्यम कन्नड निवडताना बोर्ड महाराष्ट्राचंच आहे ना, ते पाहा. नाहीतर कर्नाटकची पुस्तकं समोर येतात.

सातवीतली बरीच मुलं १३ वर्षांची नसतात, त्यांना स्वतःहून गूगल खातं काढता येत नाही. खोटी जन्मतारीख टाकायला कुणी सांगितलं तर कृपया ऐकू नका. शाळेच्या नावानं खाती मिळतात का ते बघा. तोवर दीक्षा ॲपमध्ये पाठाचं साहित्य रेंज असेल तिथे डाउनलोड करून ठेवा, वर्गात नेटशिवाय चालतं. आमच्या कोयनेकाठच्या वाड्यांवर आम्ही असंच शिकवतो.