जुनी हार्ड डिस्क, नवा वेग

प्रश्न : माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क यूएसबी २.० ची आहे. लग्नाचं ५०० जीबी शूटिंग कॉपी करायला चार तास जातात. डिस्क न बदलता वेग वाढेल का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बहुधा वाढेल. अडतंय ते डिस्कभोवतीच्या डब्यात (यूएसबी जोडणीच्या बाहेरच्या कवचात), डिस्कमध्ये नाही. यूएसबी २.० प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच देतं. आतली साटा (SATA, डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) डिस्क सहज १०० च्या पुढे जाते. एमजी रोडवर यूएसबी ३.० चं केसिंग, म्हणजे आतली डिस्क बसवायचा नवा डबा, मागा, पण आधी डिस्कचं माप बघा. साडेतीन इंची असेल तर १२ व्होल्टचा अडॅप्टर सोबत हवाच. अडीच इंचीला केबलचीच वीज पुरते.

डबा उघडण्याआधी सगळा डेटा दुसरीकडे घ्या, ही कळकळीची विनंती. काही कंपन्यांच्या डब्यातली सर्किट-पट्टी डेटा एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात साठवते; अशी डिस्क नव्या केसिंगमध्ये कोरी दिसते आणि विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. तेव्हा ‘हो’ म्हणू नका, जुनी पट्टी परत जोडा. काही छोट्या डिस्कवर यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डावरच असतं. तिथे हा उपाय चालत नाही.

बदलूनही वेग तोच राहिला, तर केबल तपासा: ३.० च्या केबलला ४ नव्हे, ९ संपर्क असतात. कॉम्प्युटरचं पोर्टही ३.० चंच हवं. ते बहुतेकदा आतून निळं असतं.