मुंबईत नळाचं पाणी तसंच प्यावं का?

तुम्ही विचारलंय, उष्ण देशांत घरच्या नळाचं पाणी सुरक्षित असतं का, आणि पुढे लिहिलंय की जूनमध्ये दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईत सासरी येताय. मी जन्मापासून मुंबईची. माझे वडील महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते आणि आमच्या सोसायटीच्या टाकीची जबाबदारी मी सहा वर्षं सांभाळली. त्यामुळे मुंबईपुरतं उत्तर नीट देऊ शकेन.

घाईत असाल तर एवढंच वाचा. मुलीसाठी जून ते सप्टेंबर पाणी उकळूनच घ्या. सासरची मंडळी तेच पाणी वर्षानुवर्षं नळाखाली भांडं धरून पीत असली, तरीसुद्धा.

आता कारण. दोष उन्हाचा आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरमध्ये लोक बिनदिक्कत नळाचं पाणी प्यायले नसते. आपल्याकडेही ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून चोवीस तास पिण्यायोग्य पाणी नळाला येतं, आणि पुरीचा उन्हाळा काही सौम्य नाही. उलट अमेरिकेतलं मिलवॉकी हे कडाक्याच्या थंडीचं शहर. १९९३ मध्ये तिथल्या शुद्धीकरण केंद्रातून एक परजीवी निसटला आणि सुमारे चार लाख माणसं जुलाबाने आजारी पडली. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९२ मध्ये, जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, साडेआठ हजारांवर माणसं नेली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून घेत होतं, आणि ते बरंचसं वाचलं. हवा एकच, नदीही एकच.

उन्हाचा हात अगदीच नसतो असं मात्र नाही. गच्चीवरची टाकी तापली की पाण्यातलं क्लोरीन लवकर उडून जातं आणि उरलेसुरले जंतू झपाट्याने वाढतात. शिवाय उकाड्यात माणूस पाणीही जास्त पितो. पण जंतू आत शिरतात ते दुसऱ्याच वाटेने, आणि ती वाट समजली की मुंबईच्या पाण्याचं कोडं बरंचसं सुटतं.

आपलं पाणी सात तलावांतून येतं. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) हे इंग्रजी अमलातले. मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ चं मध्य वैतरणा हे स्वातंत्र्यानंतरचे. यातले विहार-तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत, बाकीचे नाशिक-ठाण्याकडच्या डोंगरांत. तानसा-वैतरणेचं पाणी निव्वळ उतारावरून वाहत मुंबईकडे येतं. बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं. गाळ गोळा होऊन तळाला बसावा म्हणून आधी तुरटीसारखं रसायन घालतात, मग वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने २१ शहरांतल्या नळाच्या पाण्याचे निकाल जाहीर केले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने मानकात बसले होते आणि दिल्ली तळाला होती. त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण झाली. भांडुपमधून निघणारं पाणी चांगलंच असतं, असं ते नेहमी छातीठोकपणे सांगायचे.

पण ते पुढे असंही म्हणायचे, "पाणी निघतं ते खरं, पोचतं ते निराळं."

मुंबईत बहुतेक भागांना दिवसातून काही तासच पाणी येतं. चावीवाला म्हणजे ठरलेल्या वेळी रस्त्यातलं झाकण उघडून, लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवून एका वस्तीचं पाणी सोडणारा आणि दुसऱ्या वस्तीचं बंद करणारा माणूस. वडील पहाटे चारला निघायचे. पाणी सुरू असतं तेव्हा पाइपात दाब असतो. पाइपाला बारीक भोक असलं तरी त्या दाबामुळे पाणी बाहेरच फेकलं जातं. पाणी बंद झालं की दाब जातो, पाइप रिकामा होतो, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं? जुन्या चाळींत आणि वस्त्यांमध्ये गंजलेले बारीक पाइप गटाराला खेटून, कधी गटारातूनच गेलेले असतात. पावसाळ्यात तर सगळी जमीनच पाण्याने भिजलेली. म्हणजे मुंबईचा खरा धोका बंद नळात आहे. पुरीची गोष्ट वेगळी ठरली ती याचमुळे: तिथे दाब कधी जातच नाही.

म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते बादलीत धरा आणि धुण्या-पुसण्याला वापरा, पिण्याचं नंतर भरा. माझी आई हे कोणी न शिकवता करायची. नळाच्या तोंडाला ती जुन्या सुती साडीचं फडकं बांधायची, त्याचीही मी पुढे माहिती काढली. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात जुन्या साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. मात्र ते तलाव-नदीच्या पाण्याबद्दल होतं. आपल्या नळाला आठवडाभर तेच ओलं फडकं बांधून ठेवलं तर तेच जंतूंचं घर होतं. रोज धुऊन उन्हात वाळवत असाल तरच बांधा.

आणि कृपा करून कोणी मेन लाइनला थेट मोटर लावत असेल तर ती काढायला लावा. ते बेकायदा तर आहेच, पण मोटर रिकाम्या पाइपातून पाणी खेचते तेव्हा आजूबाजूची घाणही खेचते, आणि ती शेजाऱ्यांच्या नळालाही जाते.

आता टाकीबद्दल, कारण इमारतीत राहणाऱ्यांचं खरं दुखणं तिथेच आहे. महापालिकेची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरनंतर पाणी तळटाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथून घराघरांत उतरतं. हा सगळा रस्ता आपला.

आमच्या इमारतीत एका ऑगस्टमध्ये चार मुलांना कावीळ झाली. त्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा होता. डोळे पिवळे, अन्नाचा वास नको, पायऱ्या चढताना मध्येच खाली बसायचा. पंधरा दिवस मी त्याच्या उशाशी होते. सगळ्यांनी शाळेबाहेरच्या गोळेवाल्याला दोष दिला, मीही दिला. पण चार मुलं तीन वेगळ्या शाळांतली होती. मी तक्रार केली तेव्हा पाणी तपासायला आलेल्या माणसाने छोट्या नळ्यांत पाणी घेऊन त्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) नावाच्या द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. मीटरजवळचं पाणी स्वच्छ पिवळं झालं. तळटाकीतलं जेमतेम. माझ्या स्वयंपाकघरातलं पाणी थेंब टाकूनही तसंच्या तसं राहिलं. त्या तीन नळ्या एका ओळीत उभ्या होत्या, त्या मी विसरू शकत नाही. जमिनीखालच्या टाकीला चीर गेली होती आणि सांडपाण्याचं चेंबर तिथून चार फुटांवर. टाकी धुतल्याची नोंद वहीत होती, धुतली मात्र दोन वर्षांत नव्हती. शिवाय ही कावीळ जंतू पोटात गेल्यावर साधारण महिन्याभराने दिसते. म्हणजे पहिलं मूल आजारी पडलं तोवर आख्खी इमारत कित्येक आठवडे ते पाणी पीत होती.

पुढच्या सभेत मी टाकीची जबाबदारी मागून घेतली. दर सहा महिन्यांनी धुवायची, त्यातली एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर. झाकण घट्ट आणि कुलूपबंद, ओव्हरफ्लो पाइपाला जाळी. स्वयंपाकघराच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवं, तेच तपासायचं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला की पाहुणे नाक मुरडतात. मला त्या वासाने बरं वाटतं. भांडं थोडा वेळ ठेवलं की वास जातो. पाणी दुधासारखं पांढरं आलं आणि मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा असते, घाबरू नका.

तुमच्याकडे कोणी गरोदर असेल तर जास्तच जपा. दूषित पाण्याने होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत.

उकळण्याबद्दल. आपल्याकडे वीस-वीस मिनिटं पाणी आटवत बसतात, त्याची गरज नाही. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, खळखळून उकळी फुटू द्या, मग मिनिटभर तशीच ठेवा. जंतू मरायला तेवढं पुरे. पण उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे नंतर एखादं बोट बुडालं तरी रक्षण करायला काही नसतं. ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा. माठात ओतणार असाल तर माठ रोज धुतलेला हवा. मुलीचे दात घासायलाही हेच पाणी द्या. अंघोळीला नळाचं चालेल, फक्त ती गिळत नाही ना बघा.

फिल्टर घ्यायचा झाला तर आरओकडे धावू नका. आरओचं काम पाण्यातले क्षार काढणं, आणि आपल्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच थोडे आहेत. विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. ही यंत्रं एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतात. पाणीकपातीच्या दिवसांत हे बघून मला त्रास होतो. मुंबईत गाळणीचा फिल्टर आणि यूव्ही पुरतो, मात्र पाणी गढूळ असलं तर यूव्हीचा प्रकाश जंतूंपर्यंत पोचत नाही. सोसायटी टँकर मागवत असेल तर गोष्ट निराळी. टँकरचं पाणी अनेकदा विहिरीचं किंवा बोअरचं असतं. ते एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मगच ठरवा.

बाहेर असताना पाण्यापेक्षा बर्फाला जपा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा २०१८ चा नियम आहे. म्हणून निळसर बर्फ दिसला तर तिथे सरबतही घेऊ नका. बर्फ पांढरा आहे म्हणून मुलीला मात्र देऊ नका.

एवढं करूनही जुलाब लागलेच, तर ओआरएसची पाकिटं घरात हवीत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. थोडं थोडं, सतत पाजायचं. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. डॉक्टर झिंकही देतील, तो सांगितलेले दिवस पूर्ण द्या.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं मी नळ असलेल्या माणसाला सांगतेय. याच शहरात हजारो घरांना अजून स्वतःचा कायदेशीर नळ नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी माणसांना पाणी नाकारता येणार नाही. तरी आजही कित्येक बाया लांबून, गटारावरून टाकलेल्या नळीने हंडे भरतात. त्यांच्या मुलांना काविळी जास्त होतात, यात त्या मुलांचा काय दोष?

तुम्ही निघण्याआधी सासरी फोन करा. तळटाकी आणि वरची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा. "धुतात की" असं उत्तर आलं तर तारीख विचारा. तारीख कोणालाच सांगता आली नाही, तर सोसायटीच्या सेक्रेटरीला तुमच्या नवऱ्याकडून दोन ओळींचं पत्र पाठवा आणि विमानतळावरून घरी पोचाल तेव्हा उकळून गार केलेलं पाणी तयार ठेवायला सांगा.