सुरुवातीच्या पॅराशूट प्रयोगांत माणसं का दगावायची?

कारण हवा कशी वागते, हे उडी मारल्यावरच कळायचं. आंद्रे-जॅक गार्नेरँने १७९७ साली पॅरिसमध्ये फुग्यातून उडी घेतली. त्याच्या रेशमी छत्रीला वर भोक नव्हतं. कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटायची आणि खालची टोपली लंबकासारखी हेलकावे खायची. तो वाचला, हे नशीबच.

हे झोके थांबवायला इंग्लंडच्या रॉबर्ट कॉकिंगने छत्रीच उलटी केली, टोक खाली! कल्पना वेडगळ नव्हती, असा आकार खरंच कमी डोलतो. पण हिशेबात त्याने पॅराशूटचं स्वतःचं वजनच धरलं नाही, आणि ते होतं शंभर किलोच्या वर. २४ जुलै १८३७ ला लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेतून फुगा निघाला. सुमारे दीड हजार मीटरवर त्याने स्वतःला सोडवून घेतलं आणि थोड्याच वेळात सांगाडा मोडून दुमडला. वय ६१, आणि ही पहिलीच उडी.

१९१२ मध्ये फ्रान्झ रायशेल्ट या शिंप्याने पुतळा टाकतो म्हणून परवानगी काढली आणि आयफेल टॉवरच्या ५७ मीटरवरून स्वतःच उडी टाकली. अंगावरचा पॅराशूट-सूट नीट उघडलाच नाही.