मेक्सिकन सहकारी सारखं ‘वेइ’ म्हणतात. ही शिवी आहे का? मी म्हटलं तर चालेल?

तुम्ही लिहिलंय की टीममधले मेक्सिकन सहकारी दर दोन वाक्यांमागे ‘वेइ’ म्हणतात, आणि स्पॅनिश कोशात बघितलं तर अर्थ निघाला ‘मूर्ख’. कोश बरोबर आहे, पण अर्धाच. मी दोन वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहत होते आणि या शब्दावर माझा फार जीव आहे.

मूळ शब्द ‘बुएइ’, म्हणजे खच्ची केलेला, औताचा बैल. बोलीत ‘बुए’चा ‘ग्वे’ होतो. आजोबांना ‘आबुएलो’ऐवजी ‘आग्वेलो’ म्हणणारेही भेटतात. तसा ‘बुएइ’चा झाला ‘ग्वेइ’, आणि भरभर बोलताना त्यातला ‘ग’ही गळून नुसतं ‘वेइ’ उरलं. बैल म्हणजे मंद माणूस हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ‘बैलोबा’ आहेच की! तिकडेही हा शब्द आधी अपमानाचाच होता. पण मित्रामित्रांत वापरून वापरून त्याची धार गेली. आपण जिथे ‘लेका’, ‘गड्या’ किंवा ‘भावा’ म्हणू, तिथे ते ‘वेइ’ म्हणतात. मुलीही एकमेकींना बिनदिक्कत म्हणतात, त्यासाठी वेगळं स्त्रीलिंगी रूप लागत नाही.

जुना अर्थ मात्र मेलेला नाही. ‘के वेइ!’ म्हणजे ‘काय बावळट आहेस!’ ‘एसे वेइ’ म्हणजे समोर नसलेला ‘तो माणूस’, आणि त्यात आदर अजिबात नसतो. ठेच लागली किंवा धक्का बसला की तोंडातून ‘आय, वेइ!’ निघतं. माझा सगळ्यात आवडता प्रयोग ‘आसेर्से वेइ’, शब्दशः ‘स्वतःला बैल करून घेणं’. बिल द्यायची वेळ आली की ज्याला अचानक काही ऐकू येत नाही, त्याला मित्र म्हणतात, ‘नो ते आगास वेइ.’ म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस! इतकी चपखल जोडी दोन भाषांत क्वचितच सापडते.

आता तुम्ही म्हणावं का? बरोबरीच्या मित्रांत जरूर म्हणा, पण आधी त्यांनी तुम्हाला म्हणू द्या. साहेबाला, ग्राहकाला, वयाने मोठ्या माणसाला कधीच नको. मेक्सिकन माणसं मोठ्यांशी फार अदबीने बोलतात. नीट ऐकू आलं नाही तर ‘काय?’ म्हणत नाहीत, ‘मांदे?’ म्हणजे ‘आज्ञा करा’ असं विचारतात. मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या. दिवसभर मैत्रिणींशी बोलून जीभ सैल झालेली, आणि त्यांनी जेवायचं विचारल्यावर माझ्या तोंडून ‘सी, वेइ’, म्हणजे ‘हो, लेका’, निघून गेलं. त्या ताट हातात घेऊन थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मांदे?’ रागावल्या नाहीत, पण त्या एका शब्दाने मला जे शिकवलं ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मी माफी मागितली, त्यांनी वाढलं.

‘नो मामेस, वेइ’ही तुमच्या कानावर येत असेल. ‘काय सांगतोस!’ असा अर्थ असला तरी त्यातलं ‘मामेस’ अश्लील आहे. त्याऐवजी ‘नो मांचेस’ म्हणा. ते घरातही चालतं.

आणि हे सगळं मेक्सिकोपुरतं. स्पेनमध्ये याच जागी ‘तिओ’ ऐकाल, म्हणजे खरं तर काका, आणि अर्जेंटिनात ‘चे’. तिथे तुम्ही ‘वेइ’ म्हणालात तर त्यांना अर्थ कळेल, पण पुढचा प्रश्न येईल की स्पॅनिश मेक्सिकोत शिकलात का.