सुया खऱ्या, गुणही खरा?

प्रश्न : दोन वर्षं कंबर धरते आहे. मैत्रिणीला अ‍ॅक्युपंक्चरने चांगला गुण आला. मुलगा मात्र म्हणतो, संशोधनात त्यातलं काही टिकलेलं नाही, सगळे मनाचे खेळ. सुया टोचून घेऊ का?

उत्तर : मुलाला एवढंच विचारा, 'कशाच्या तुलनेत?' सगळा घोळ तिथेच आहे.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. २००७ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के! म्हणजे सुयांनी नेहमीच्या उपचारांना मागे टाकलं, पण बिंदू चुकले तरी फारसं बिघडलं नाही.

अशा तुलनेसाठी वापरतात त्या खोट्या सुईचा एक प्रकार तर मोठा गमतीचा. टोक बोथट, दाबली की नाटकातल्या सुरीसारखी स्वतःच्याच मुठीत शिरते. रुग्णाला वाटतं, टोचली.

२०१८ साली ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा जुनाट दुखण्यांत खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडक्यात. काहीच न टोचलेल्यांपेक्षा मात्र बरीच. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि २०२१मध्ये ठरावीक कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी विचार करायला हरकत नाही म्हटलं. तज्ज्ञांचंही असं होतं!

मी डॉक्टर असूनही खांदा आखडला तेव्हा सुया टोचून घेतल्या. टोचताना जेमतेम कळतं, मग आत जड, ओढल्यासारखं वाटतं. वीस मिनिटं निवांत पडायचं आणि कुणीतरी मन लावून विचारपूस करायची. ते सुख औषधाच्या चिठ्ठीत नसतं. खांदा सुटला. पण असा खांदा पुष्कळदा आपणहूनही सुटतो, म्हणून श्रेय मी अजून कुणालाच दिलेलं नाही.

तुम्ही पाच-सहा वेळा करून बघा, व्यायाम न सोडता. उतार पडला नाही तर थांबा. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली, एकदाच वापरायची हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर सुयांच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.