डिस्क अ‍ॅरे घेतल्यावर टेप बंद करावी का?

प्रश्न : आमच्या कंपनीत सर्व्हरचा बॅकअप आजवर थेट एलटीओ टेपवर (डेटा साठवण्याच्या चुंबकीय टेपचा एक प्रमाणित प्रकार) घेतला जातो, पण टेप ड्राइव्ह सारखा अडखळत चालतो आणि रात्र पुरत नाही. आता बॅकअपसाठी डिस्क अ‍ॅरे, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कचा संच, घेतला आहे. एखादी डिस्क बिघडली तरी त्यातला डेटा शाबूत राहतो. मग टेप कायमची बंद केली तर चालेल का?

उत्तर : कृपा करून तसे करू नका. डिस्क बिघडली तर अ‍ॅरे सावरून घेतो हे खरे. परंतु प्रशासकाचा पासवर्ड हाती लागलेला हल्लेखोर नेटवर्कवरूनच अ‍ॅरेवरचे सगळे बॅकअप पुसू शकतो. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे नाहीशी झाली, तेव्हा वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतीही त्यातून सुटल्या नाहीत आणि गूगलने ती पत्रे टेपवरून परत आणली.

तुमचा ड्राइव्ह अडखळतो, तो बहुधा सर्व्हरकडून डेटा पुरेशा वेगाने येत नाही म्हणून. एलटीओ-९, म्हणजे एलटीओच्या नवव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत लिहितो. डेटा त्याच्या किमान वेगापेक्षाही सावकाश आला, तर टेप थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा पुढे सरकते. यात वेळ जातोच, शिवाय टेप आणि हेड (ड्राइव्हमधला टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्हींची झीज होते. म्हणून रात्रीचा बॅकअप आधी अ‍ॅरेवर घ्यावा आणि तिथून दिवसा टेपवर उतरवावा. पूर्ण वेगाने १८ टेराबाइटची एक टेप साडेबारा तासांत भरते.

हरवलेली एखादी फाइल परत हवी असेल, तर ती अ‍ॅरेवरूनच घ्यावी, कारण त्यासाठी किलोमीटरभर लांबीची टेप गुंडाळत बसण्यात अर्थ नाही.

नवा टेप ड्राइव्ह घेण्यापूर्वी मात्र कपाटातल्या टेप कोणत्या पिढीच्या आहेत ते पाहा. एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ टेप वाचतो, एलटीओ-७ वाचत नाही. तशा टेप असतील, तर त्यांवरचा डेटा नव्या टेपवर उतरवून तो वाचता येतो याची खात्री होईपर्यंत जुना ड्राइव्ह हातचा सोडू नये.